कॅडेट मुलाचे बँक खाते : एका बापाचा अनुभव

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मला भाषणाची सवय नाही. आमच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये जे काही बोलायचे ते ओरडून बोलावे लागते. तिथे पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हातात माईक दिला की काय होते, ते आपण आता पाहतच आहात. मागे बसलेल्यांना आवाज जास्त वाटला तर हात वर करावा.

समितीने मला विषय दिला तो असा, की लष्करी प्रबोधिनीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात. आमचे चिरंजीव जानेवारी २०२२ मध्ये खडकवासल्याला एन.डी.ए.त दाखल झाले. तेव्हापासून आपल्या समाजात कोणाच्या घरी मुलगा किंवा मुलगी त्या परीक्षेला बसली की ते कुटुंब एकदा तरी आमच्या क्वार्टरवर चहाला येते. अभ्यासाबद्दल विचारतात. त्यावर मी काही सांगू शकत नाही. मी नागपूरचा साधा डिप्लोमावाला, अभ्यास पोराने केला. सामानाबद्दल विचारतात, ते सौ. सांगते. आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतात, "काका, खाते कोणत्या बँकेत काढायचे?" हा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो, म्हणून शेवटी येतो. मलाही किरकोळच वाटला होता. त्याच प्रश्नावर मी माझ्या मुलाला एक रात्र आणि अर्धा दिवस उपाशी ठेवले. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी पैशाची व्यवस्था समजून घेऊ, कारण तिच्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. एन.डी.ए.त गेला म्हणजे पगार सुरू झाला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. तीन वर्षे, म्हणजे सहा टर्म, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, औषधपाणी हा सगळा खर्च सरकार करते. मुलाचा हातखर्च आणि खासगी खर्च मात्र पालकांनी द्यायचा असतो. यू.पी.एस.सी.च्या अलीकडच्या जाहिरातींत हा खर्च साधारणपणे महिन्याला ३,००० रुपयांच्या वर जाणार नाही, असा अंदाज दिलेला असतो. प्रवेशाच्या वेळी कपडे, सामान, विमा निधी आणि पहिल्या पाच महिन्यांचा हातखर्च मिळून एक रक्कम भरावी लागते. ती कमांडंट, एन.डी.ए. यांच्या नावे, खडकवासल्याच्या स्टेट बँक शाखेत जाते. ज्यांच्या घरचे उत्पन्न महिना २१,००० रुपयांपेक्षा कमी आहे, त्यांच्या मुलांना दरमहा हजार रुपयांच्या आसपास सरकारी मदत मिळू शकते. तिचा अर्ज आपल्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. त्या जाहिरातीत शिष्यवृत्त्यांचीही यादी असते. तीत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नावाची एक आहे. माजी सैनिकाच्या मराठा मुलासाठी एका कर्नलच्या नावाची दुसरी आहे, वर्षाला ३६० रुपयांची! रक्कम वाचून हसू येते, पण नाव वाचून बरे वाटते.

पगारासारखी रक्कम सुरू होते ती खडकवासला संपल्यावर. लष्कराकडे जाणारा मुलगा डेहराडूनच्या आय.एम.ए.त जातो. तिथे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे तीन वर्षे बापाच्या हजार-दोन हजारांवर काढायची आणि चौथ्या वर्षी एकदम छप्पन हजार! ह्या दोन टोकांना लागणारी खाती एकसारखी नसतात. ते मला फार उशिरा कळले.

आता आमची गोष्ट. निकाल लागला, गावभर पेढे वाटून झाले आणि मग सल्लागार मंडळी जमली. माझे मेहुणे म्हणाले, सहकारी बँकेत टाका, अर्धा टक्का व्याज जास्त मिळते. वडील म्हणाले, आपले महाराष्ट्र बँकेत खाते आहे, तिथेच काढ, ती पुण्याची बँक. परमुलुखात राहणाऱ्या माणसाला नावात 'महाराष्ट्र' दिसले की आपलेपणा वाटतो, आणि १९३५ साली पुण्यात स्थापन झालेल्या बँकेबद्दल तो वाटावा यात गैर काही नाही. शेजारचे गुप्ताजी म्हणाले, "प्राइवेट में खुलवाइए, घर आकर कर जाते हैं." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. व्याजाचे दर, किमान शिल्लक, एटीएमचे शुल्क, असा तक्ता तयार केला. असा तक्ता करायला मला फार आवडते, सौ.च्या मते तो आजार आहे.

त्या तक्त्यात चुकीचे काहीच नव्हते. अर्धा टक्का जास्त म्हणजे पंधरा हजारांवर वर्षाला पंच्याहत्तर रुपये, एवढाच खेळ होता. त्यापेक्षा किमान शिल्लक नसल्याचा दंड मोठा बसतो. त्याबाबतीत स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यावरची किमान शिल्लकेची अट काढून टाकली होती, आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केले. खासगी बँकांत ही अट अजून चालू आहे आणि बँकेप्रमाणे, शहराप्रमाणे रक्कम बदलते, तेव्हा विचारूनच सही करावी. सहकारी बँकेचा मुद्दा मी तेव्हाच बाजूला केला. सहकाराला मी नावे ठेवत नाही, माझी पतपेढी सहकारीच आहे. पण २०१९ च्या सप्टेंबरात पी.एम.सी. बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते, शेवटी २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण एक लाखाचे पाच लाख झाले आहे, त्यामुळे कॅडेटची रक्कम बुडणार नाही. पण बुडणे वेगळे आणि हवी त्या दिवशी हातात न येणे वेगळे. बाराशे किलोमीटरवर एकट्या असलेल्या पोराला दुसरी गोष्टच जास्त जाचते.

असे सगळे बघून, तक्त्यात पहिली आलेली एक बँक मी निवडली. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. शाखा माझ्या कामावर जायच्या वाटेवर होती. मॅनेजर ओळखीचे होते. खाते मुलाच्या नावे, आई पालक. मोबाइल नंबर आईचा. कार्ड मिळाले, पासबुक मिळाले, मी समाधानाने ते ट्रंकेत ठेवले. आता आपण लक्ष द्या, मी किती चुका एका दमात केल्या. खाते माझ्या वाटेवर होते, मुलाच्या नव्हे. ओळखीचा मॅनेजर माझ्या ओळखीचा होता. आणि नंबर ज्या फोनमध्ये होता तो रायपूरला स्वयंपाकघरात फ्रिजवर असायचा.

सगळ्यात मोठी गोष्ट तर माझ्या तक्त्यात रकाना म्हणूनसुद्धा नव्हती. एन.डी.ए.त प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस असते. आमचा मुलगा गेला तेव्हा साडेसतरा वर्षांचा होता. कायद्याच्या भाषेत अज्ञान. बँकेत तोच शब्द आहे, 'अज्ञान खातेदार'. त्यावरून आम्ही त्याला चिडवलेही. रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवण्याची मुभा बँकांना दिलेली आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचे नियम पुन्हा नीट मांडले. पण खाते मुलाने चालवलेले असो की पालकाने, अठरा वर्षे पूर्ण झाली की बँकेला त्याची नवी सही, नवा फोटो, नव्या सूचना घ्याव्याच लागतात. त्या दिवसापासून आईची सही चालत नाही. मुलाची नवी सही बँकेकडे नसते. म्हणजे पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. आमच्या भाषेत सांगायचे तर वॅगन यार्डात घेतली, पण बाहेर काढायच्या मार्गावर सिग्नलच नाही.

चिरंजीव जुलै २०२२ मध्ये अठरा वर्षांचे झाले. दुसरी टर्म नुकतीच सुरू झाली होती. जूनच्या सुट्टीत घरी होते तेव्हा अठरा पूर्ण नव्हती, म्हणून इथल्या शाखेत काही करता आले नसते. बँकेचे पत्र आले होते. ते माझ्या टेबलाच्या खणात, विजेच्या बिलाखाली, डिसेंबरपर्यंत पडून होते. एस.एम.एस.ही आले होते, सौ.च्या फोनवर, साडीच्या सेलच्या आणि रिचार्जच्या मेसेजांच्या गर्दीत. मी मात्र नेमाने महिन्याच्या एक तारखेला पैसे टाकत होतो आणि माझ्या वहीत नोंद करत होतो.

टर्ममध्ये मुलांना बाहेर खर्चाला फारशी संधी नसते, त्यामुळे कोणालाच काही कळले नाही. डिसेंबरात सुट्टी लागली. तिकिटाचा प्रश्न नव्हता, माझा पास होता. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस. स्टेशनबाहेर एटीएमवर त्याने कार्ड घातले. नाही. दुसऱ्या एटीएमवर घातले. नाही. तिसऱ्यावर नाही. खात्यात चौदा हजार रुपये होते आणि खिशात एकशेतीस.

दौंड, अहमदनगर, मनमाड करत गाडी रात्रभर चालते. भुसावळला त्याने केळी घेतली, चाळीस रुपयांची. नागपूरला चहा. दुसऱ्या दिवशी दुपारी रायपूर. मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. आईने बाकरवडी आणायला सांगितली होती, ती नव्हती. "विसरलो," म्हणाला. घरी येऊन पानावर बसला आणि सौ. पोळ्या वाढत गेली, वाढत गेली. सातव्या पोळीला तिने तवा खाली ठेवला आणि विचारले, "कालपासून काय खाल्लंस?"

तेव्हा सगळे बाहेर आले. मी म्हटले, अरे मग मला फोन का नाही केलास? मी पुणे स्टेशनवर कोणाला तरी सांगितले असते, रेल्वेत माझे दहा ओळखीचे आहेत. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाटलं असतं मी पैसे उडवले."

सभेत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, पण ती वगळली तर बाकीच्या माहितीला अर्थ राहत नाही. दर महिन्याला पैसे टाकले की मी फोनवर हिशेब विचारायचो. शंभर रुपये कशाला, दीडशे कशाला. हिशेब विचारणे वाईट नाही. पण माझ्या विचारण्यातून त्याने हे शिकून घेतले होते की पैशाची अडचण आली तर ती बाबांना सांगायची नसते. तीन एटीएमने नाही म्हटल्यावर त्याला बँकेपेक्षा माझी भीती जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाखेत गेलो. एका खेपेत काम होईल असे वाटले होते, तीन खेपा झाल्या. पॅन कार्ड अज्ञान असताना काढलेले होते, त्यावर फोटोच नसतो. सज्ञान झाल्यावर फोटो आणि सही चढवून ते दुरुस्त करून घ्यावे लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आधारवरचा मोबाइल नंबर माझा. बँकेतला आईचा. मुलाच्या हातातला तिसराच. हे तीन नंबर एक करण्यात सुट्टीतला चांगला आठवडा गेला.

त्याच टेबलावर एक रकाना आला : नॉमिनी. अठरा वर्षांच्या मुलाने पेन उचलले आणि सहज आईचे नाव लिहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, तिकडे विम्याच्या फॉर्मवरही हेच लिहिलंय. माझ्या पोटात गोळा आला. आपण साठीला आलो तरी हा रकाना कोरा ठेवणारी माणसे. माझ्या वडिलांच्या दोन खात्यांवर नॉमिनी नव्हता, ते त्या दिवशी घरी आल्यावर बघितले. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा कोणाला वाईट वाटेल ही सबबही आता उरली नाही. फक्त नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, एवढे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तेव्हापासून मला जो कोणी विचारतो की बँक कोणती, त्याला मी उलट विचारतो : मुलाचे पाय कोणत्या शाखेपर्यंत पोचतात? स्टेट बँकेची शाखा खडकवासल्याला प्रबोधिनीतच आहे. आमच्या मुलाने पुढच्या टर्ममध्ये तिथे खाते काढले, आणि त्यानंतर सही, कार्ड, पासबुक कशासाठीही त्याला माझी गरज पडली नाही. जो सतरा वर्षांचा जाणार आहे, त्याच्यासाठी तर मी म्हणेन की अठरावा वाढदिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि त्या तारखेला तो कुठे असेल, तिथले खाते ठेवा. घराजवळच खाते हवे असेल तर निदान त्या बँकेची पुण्यात शाखा आहे का, आणि सज्ञान झाल्याची नोंद दुसऱ्या शाखेत करून मिळेल का, हे लेखी विचारून ठेवा. तोंडी "हो जाएगा" वर जाऊ नका. आमच्याकडे छत्तीसगडात "हो जाएगा" फार लवकर मिळते.

दुसरे खाते घरचे म्हणून राहू द्या, हरकत नाही. पण त्याचीही एक गंमत आहे. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. बँकेने जमा केलेले व्याज त्यात धरत नाहीत. प्रबोधिनीचा काळ तीन वर्षांचा, म्हणजे विसरलेले खाते मुलगा परत यायच्या आत झोपलेले असते. एप्रिल २०२४ पासून ते पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंडही लावता येत नाही. तरी के.वाय.सी. पुन्हा करावी लागतेच. सुट्टीत आला की शंभर रुपये काढायला लावावे, एवढे पुरे. दहा वर्षे हात लागला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. हक्क जात नाही, पण हेलपाटे वाढतात. इथल्या जुन्या मंडळींपैकी कोणाचे देना बँकेत खाते असेल, तर ती बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आहे. जुना आयएफएससी कोड नातवाच्या फॉर्मवर लिहून देऊ नका. हे मी हसून सांगतो, पण एका घरी झालेले आहे.

मोबाइलचा प्रश्न जरा अवघड आहे. पहिल्या टर्ममध्ये आमच्या मुलाकडे फोन नव्हता. नंबर त्याचाच ठेवायचा, तर सिम घरी कोणाच्या तरी फोनमध्ये जिवंत ठेवावे लागते. नव्वद दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, आणि मग आपल्या मुलाचे ओटीपी कोणा अनोळखी माणसाकडे! आम्ही जुन्या बटनांच्या फोनमध्ये ते सिम टाकले, वेळच्या वेळी रिचार्ज केले आणि फोन त्याच्या हाती येताच सिम कुरियरने न पाठवता सुट्टीत हातात दिले.

इथवर सगळे ठीक झाले. पण खरी कसोटी माझीच पुढे होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघे खेत्रपाल परेड ग्राउंडवर त्याची पासिंग आउट परेड बघायला गेलो. जानेवारीत तो डेहराडूनला गेला आणि विद्यावेतन सुरू झाले. मी लगेच तक्ता काढला! मी त्याला म्हटले, संयुक्त खाते काढू, माझा नंबर जोडू, मी तुझे पैसे नीट गुंतवतो, तुला तिथे वेळ कुठे आहे. तो म्हणाला, "बाबा, मग ओटीपी पुन्हा फ्रिजवर येणार." सौ. खुदकन हसली. मला हसू आले नाही. दोन दिवस मी रुसून होतो, हे कबूल करतो. छप्पन हजार रुपये एकवीस वर्षांच्या मुलाच्या हातात एकट्याने! मी एकवीस वर्षांचा असताना रेल्वेत लागलो तेव्हा पहिला पगार वडिलांच्या हातात दिला होता. पण तेव्हा मी वडिलांच्या घरात राहत होतो, त्यांच्याच डब्यावर कामाला जात होतो.

त्याने स्वतः तीन बँकांकडे विचारणा केली. सेनादलांतल्या लोकांसाठी बँकांच्या पगारी खात्याच्या वेगळ्या योजना असतात. स्टेट बँकेची डिफेन्स सॅलरी पॅकेज त्यांपैकी एक आहे. त्यात किमान शिल्लक नसते आणि अपघात विमा खात्याबरोबरच येतो. विम्याची रक्कम आणि अटी करार नवा झाला की बदलतात, म्हणून त्या दिवशीचा लेखी कागद मागून घ्यावा. त्याने कोणती बँक निवडली ते सांगत नाही, नाहीतर उद्या आपण सगळे तिथेच जाल. सांगण्यासारखे हे, की त्याचा तक्ता माझ्यापेक्षा छोटा होता. त्यात पहिला रकाना व्याजाचा नव्हता. पोस्टिंग लांब झाले तर शाखा आणि एटीएम कुठे असेल, हा होता. आणि लष्करातल्या अधिकाऱ्याचा पगार, तो देशात कुठेही असो, पुण्याच्याच लेखा कार्यालयातून, पी.सी.डी.ए. (ओ) मधून निघतो, हे त्याने मला सांगितले तेव्हा माझे वडील खूश झाले. पुणे शेवटी आलेच ना, म्हणाले!

रेल्वेतल्या सहकाऱ्यांनी जाता जाता आपलेही खाते बघावे. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे आणि स्टेट बँकेचा करार झाला, त्यात पगारी खाते असलेल्या कर्मचाऱ्याला एक कोटीचा अपघाती मृत्यू विमा आहे. मुलाच्या बँकेची चौकशी करताना माझे स्वतःचे खाते अजून साध्या बचत खात्यात पडून आहे, हे मला त्यानेच दाखवले. दिव्याखाली अंधार!

एक सावधगिरी सांगून थांबतो. कमिशन जवळ आले की गाडीचे कर्ज, वैयक्तिक कर्ज देणारे भेटू लागतात. तरुण अधिकारी, खात्रीचा पगार, कोण नाही देणार? मी फक्त आकडा सांगितला. दहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के, सात वर्षे : महिना सोळा हजारांच्या वर हप्ता आणि एकूण साडेतेरा लाख. 'घेऊ नको' असे म्हटले नाही. महत्प्रयासाने म्हटले नाही. आणि मुलाचे ओळखपत्र, गणवेशातला फोटो कोणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. जवान असल्याची बतावणी करून जुनी स्कूटर, फर्निचर विकण्याच्या नावाखाली लुबाडणारे लोक असेच फोटो वापरतात. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत आहे.

मुलींच्या पालकांनी वेगळे काही करायचे आहे का, असे एका ताईंनी चिठ्ठीवर विचारले आहे. नाही, हेच सगळे. २०२२ मध्ये एन.डी.ए.त मुलींची पहिली तुकडी गेली, एकोणीस जणींची, आणि मे २०२५ मध्ये त्यांच्यातल्या सतरा जणी बाहेर पडल्या. अज्ञान-सज्ञानाचा नियम, पॅनवरचा फोटो, सिम, सगळे तसेच.

दुसरी चिठ्ठी आहे : "तुम्ही ओटीपी सोडून दिला, मग मुलाने किती खर्च केला ते कळते कसे?" कळत नाही. महिन्याच्या सुरुवातीला त्याचा फोन येतो, तेव्हा तो आपणहून काही सांगतो, काही सांगत नाही. मागच्या महिन्यात म्हणाला, बाबा, युनिटमधल्या एका मित्राला पाच हजार उसने दिले, परत येतील असं वाटत नाही. मी वही उघडली होती. बंद केली आणि विचारले, जेवलास का?